बैलगाडीचा तोल आणि मोटारीचा

बैलगाडीत माल भरताना आपण काय पाहतो? ओझे पुढे फार झाले तर जू बैलांच्या मानेवर बसते. मागे फार झाले तर गाडी उलाळते. म्हणून ओझे आखावर तोलायचे. एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याला ५० लाखांवरच्या जर्मन मोटारींतले मर्मही समजेल.

मधल्या आकाराच्या, ऐषआरामी आणि तरीही चपळ अशा मोटारींत तीन नावे नेहमी निघतात. म्युनिकच्या बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज, ही १९७२ साली आली. स्टुटगार्टच्या मर्सिडीजची ई-क्लास. आणि इंगोलश्टाटच्या ऑडीची ए-सिक्स. दारे चार, जागा पाच माणसांची. मग हाकणारा फरक पाहतो तो कशात?

पहिला फरक ओझ्याचा. फाइव्ह सिरीजमध्ये इंजिन पुढेच, पण शक्य तितके मागे सरकवलेले. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांवर भार जवळजवळ निम्मानिम. जोर मागच्या चाकांना, वळायचे काम पुढच्यांना. स्टिअरिंग फिरवले की गाडी लगेच ऐकते. ऑडीचे इंजिन पुढच्या आखाच्याही पुढे. म्हणून वेगात वळताना गाडीचे तोंड बाहेर जाऊ पाहते. पण १९८० पासून ऑडीने चारही चाकांना जोर देणारी ‘क्वाट्रो’ रचना आणली, आणि बर्फावर, चिखलात तिचा मोठा आधार झाला.

दुसरा फरक स्प्रिंगांचा. ई-क्लासची रचना बीएमडब्ल्यूसारखीच, पण कल सुखाकडे. स्प्रिंग मऊ असली की खड्डा जाणवत नाही, पण वळणावर गाडी कलते. ताठ असली की गाडी कलत नाही, पण खड्डा कमरेला कळतो. दोन्ही सुखे पुरती एकदम मिळत नाहीत. आता यंत्राने स्प्रिंगांची हवा नि दाब बदलतात, तरी ओढाताण सुटत नाही.

आपल्याकडे आणखी एक गंमत. इथे मालक बहुधा मागे बसतो, हाकतो ड्रायव्हर. म्हणून पुण्याजवळ चाकणला जुळवली जाणारी ई-क्लास २०१७ पासून लांब करून मिळते. बीएमडब्ल्यूनेही २०२४ साली तसेच केले. हाकणाऱ्याच्या सुखापेक्षा पाय पसरायची जागा मोठी ठरली!

तेव्हा ‘कुठली चांगली?’ असे कुणी विचारले, तर आधी त्याला विचारावे, ‘बाबा, तू बसणार कुठे?’

मात्र एक नियम तिघींनाही सारखाच, आणि शिक्षकांनी तो मुलांना जरूर सांगावा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर चौपट लागते. चारही चाकांचा जोर निघायला उपयोगी पडतो, थांबायला नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. मोटार कितीही महाग असो, ओल्या रस्त्यावर हा हिशेब चुकत नाही. म्हणून पुढे बसा की मागे, पट्टा बांधायचाच.