आईच्या पिशवीतली वही

बाळाच्या शीचा रंग तपासण्यासाठी एखाद्या देशाचं सरकार खास रंगीत कार्ड छापतं, असं सांगितलं तर विश्वास बसेल? नाक मुरडू नका, जपानमध्ये हे खरोखर होतं. त्या कार्डावर शीचे सात रंग छापलेले असतात, पांढुरक्यापासून गडद हिरवट-तपकिरीपर्यंत. आईने दुपट्याकडे बघायचं, मग कार्डाकडे बघायचं आणि रंग जुळवायचा. फिकट, पांढुरक्या रंगाशी जुळला तर बाळाला तडक डॉक्टरांकडे न्यायचं.

असं का? शीला पिवळा-तपकिरी रंग येतो तो पित्तामुळे. पित्त तयार होतं यकृतात आणि बारीक नळ्यांमधून आतड्यात उतरतं. काही थोड्या बाळांमध्ये या नळ्या बंद असतात. मग पित्त यकृतातच साचून राहतं आणि यकृत खराब होऊ लागतं. बाळ मात्र वरून ठणठणीत दिसतं, दूध पितं, हसतं! मोरिओ कासाई नावाच्या जपानी डॉक्टरांनी यावर एक शस्त्रक्रिया शोधून काढली. तिचा उत्तम उपयोग होतो तो बाळ साधारण दोन महिन्यांचं होण्याआधी. म्हणजे रंग लवकर ओळखायला हवा, आणि तो रोज कोणाला दिसतो? डॉक्टरांना नाही, आईला.

2012 पासून हे कार्ड जपानमधल्या प्रत्येक आईपर्यंत पोहोचतं, कारण ते एका वहीत असतं. मला आज तुम्हाला गोष्ट सांगायची आहे ती या वहीची. ही वही जपानमधून निघाली आणि समुद्र ओलांडून दुसऱ्या देशांमध्ये गेली.

वहीचं नाव आहे ‘बोशी केन्को तेचो’, म्हणजे आई आणि बाळाच्या आरोग्याची पुस्तिका. घरात बाळ येणार असं कळलं, की आईने आपल्या गावच्या किंवा शहराच्या कचेरीत नाव नोंदवायचं आणि वही घेऊन यायची, फुकट. बाळ पोटात असताना आईचं वजन किती, रक्तदाब किती, बाळ जन्मलं तेव्हा केवढं होतं, कोणती लस कधी दिली, मान कधी धरली, पाऊल कधी टाकलं, हे सगळं मूल सहा वर्षांचं होईपर्यंत त्या एकाच वहीत लिहिलं जातं. डॉक्टर लिहितात, नर्स लिहिते आणि आईसुद्धा लिहिते. आणि वही दवाखान्यात ठेवत नाहीत, ती असते आईच्या पिशवीत. गाव बदललं, दवाखाना बदलला, तरी नव्या डॉक्टरांना वही उघडली की सगळं समजतं.

जपानमध्ये तरी ही कल्पना कुठून आली? मित्सुओ सेगी या डॉक्टरांनी जर्मनीत गरोदर बायकांना स्वतःच्या तपासण्यांची नोंद जवळ बाळगताना पाहिलं होतं. 1942 मध्ये, ऐन महायुद्धात, जपानने गरोदर बायकांसाठी तशी पुस्तिका काढली. ती दाखवली की थोडं जादा रेशन मिळे, त्यामुळे सगळ्या जणी ती आठवणीने घेत. युद्ध संपलं तेव्हा देश उद्ध्वस्त झाला होता. 1947 मध्ये तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे 77 बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंतही पोहोचत नव्हती. 1948 मध्ये आई आणि मूल दोघांची मिळून एकच वही झाली. आज जपानमध्ये हा आकडा हजारात जेमतेम 2 आहे. हे सगळं एका वहीने केलं असं मी म्हणणार नाही. स्वच्छ पाणी, पोटभर अन्न, लसी, चांगली रुग्णालयं, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण कोणत्या बाळापर्यंत काय पोहोचलं आणि काय राहिलं, हे वहीमुळे कळत होतं.

त्या काळात जपान स्वतः मदत घेणारा देश होता, हेही लक्षात ठेवा. शाळेतल्या मुलांसाठी युनिसेफकडून दुधाची पावडर येत असे. ती 1964 पर्यंत येत होती. ती येत असतानाच, 1954 पासून, जपानने दुसऱ्या देशांना मदत करायलाही सुरुवात केली. पुढे 1974 मध्ये या कामासाठी एक संस्था झाली, तिचं नाव जायका. मुंबईच्या भुयारी मेट्रोला जिने कर्ज दिलं, तीच ही जायका. मेट्रो डोळ्यांना दिसते, तिच्यात बसता येतं. पण जायका आणखी एक गोष्ट देते, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची आहे. आमच्या देशात हा प्रश्न आम्ही कसा सोडवला, ही माहिती.

1992 मध्ये इंडोनेशियाचे एक डॉक्टर जायकाच्या प्रशिक्षणासाठी जपानला गेले. तिथे त्यांनी ही वही पाहिली आणि त्यांच्या मनात आलं, आपल्याकडे का नको?

इंडोनेशियात नोंदी होत नव्हत्या असं नाही. गरोदरपणाचं कार्ड वेगळं, बाळाच्या वजनाचं वेगळं, लसींचं आणखी वेगळं. एक उशाखाली, एक फडताळात, एक हरवलेलं! आणि देश केवढा? सतरा हजारांहून जास्त बेटं. एवढ्या मोठ्या देशात एकदम काही सुरू करणं अवघडच. म्हणून त्यांनी मध्य जावातलं सालातिगा नावाचं शहर निवडलं, मेरबाबू ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेलं, दीडेक लाख वस्तीचं. 1994 च्या सुमारास तिथे वही वापरून बघायला सुरुवात झाली.

जपानी वहीचं भाषांतर करून छापलं असतं तर काम किती सोपं झालं असतं, नाही का? पण ते फसलं असतं. जपानमध्ये जवळजवळ प्रत्येक आईला वाचता येत होतं. जावातल्या खेड्यांत तसं नव्हतं, म्हणून चित्रं भरपूर हवीत. जपानी आईच्या स्वयंपाकघरात जे शिजतं ते जावात शिजत नाही. इथे घरोघरी टेंपे असतं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. बाळाला जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, हे इथल्या आईला आधी कळायला हवं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आणून उपयोग नव्हता, कापड घेऊन इथेच बेतायला हवं होतं. आणि ते बेतलं इंडोनेशियाच्याच डॉक्टरांनी, सुइणींनी आणि आरोग्य खात्याच्या माणसांनी. जपानी तज्ज्ञ त्यांच्या शेजारी बसून काम करत होते.

आता यातला माझा सगळ्यात आवडता भाग. इंडोनेशियात गावोगावी महिन्यातून एकदा ‘पोस्यांडू’ भरतं. कधी कोणाच्या ओसरीवर, कधी गावाच्या चावडीत पाच टेबलं मांडतात. पहिल्यावर नाव नोंदवायचं, दुसऱ्यावर बाळाचं वजन, तिसऱ्यावर ते लिहून घ्यायचं, चौथ्यावर आईशी बोलायचं, पाचव्यावर लस किंवा औषध. टेबलांवर बसलेल्या बहुतेक जणी गावातल्याच बायका असतात, आपणहून काम करणाऱ्या. वजनासाठी आडव्या दांडीचा काटा टांगलेला असतो आणि त्याला लटकवलेल्या झोळीत बाळ! काही बाळं रडतात, काही झोके घेत मजा करतात.

तिसऱ्या टेबलावर आलेखात एक ठिपका पडतो. आडव्या रेघेवर बाळाचं वय महिन्यांत, उभ्या रेघेवर वजन किलोत. दर महिन्याला एक ठिपका, आणि ठिपके जोडले की रेघ. समजा, दोन बाळं आहेत आणि दोघांचंही वजन आज सात किलो. कोणाची काळजी करायची? नुसत्या सात या आकड्यावरून सांगताच येणार नाही. मागचे महिने बघायला हवेत. एकाची रेघ हळूहळू वर चढते आहे, ते मुळातच लहानखुरं बाळ आहे. दुसऱ्याची रेघ तीन महिने आडवीच आहे. काहीतरी बिघडलं आहे ते दुसऱ्याचं, आणि ते बाळ अशक्त दिसू लागण्याआधीच रेघेने सांगितलं. म्हणून तर नोंदी एकाच जागी हव्यात! आपल्या अंगणवाडीतही बाळांचं वजन करून असाच आलेख भरतात. तुमचं लहानपणीचं कार्ड आईने जपून ठेवलं असेल तर मागून घ्या आणि तुमची रेघ कुठे कशी गेली ते बघा. कुठे सपाट झालेली दिसली तर विचारा, तेव्हा मी आजारी होतो का?

सालातिगानंतर वही मध्य जावात पसरली, मग एकेका प्रांतात. 2004 मध्ये इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्र्यांनी हुकूम काढला, की देशभर हीच वही वापरायची. मोठी माणसं ज्याला ‘धोरण’ म्हणतात ते हेच. वही कोण छापणार, पैसे कुठून येणार, डोंगरातल्या गावी ती कोण पोहोचवणार, खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तीच भरायची का, या सगळ्याची उत्तरं ठरवून ठेवायची. इंडोनेशियात दरवर्षी 40 लाखांहून जास्त बाळं जन्मतात. त्यांच्यासाठीच्या वह्या आता तिथलं सरकार स्वतःच्या खर्चाने छापतं. परदेशी मदत खरंच रुजली का, हे मला जोखायचं झालं तर मी आधी छपाईचं बिल कोण भरतं तेच विचारीन.

वही पॅलेस्टाइनमध्येही गेली, आणि तिथली अडचण तर आणखी वेगळी होती. तिथे काही दवाखाने सरकारचे, काही संयुक्त राष्ट्रांचे, काही स्वयंसेवी संस्थांचे. रस्त्यांवर सैनिकांच्या तपासणी चौक्या. आज ज्या दवाखान्यात गेलो, उद्या तिथे पोहोचता येईलच असं नाही. अशा वेळी दवाखान्याच्या कपाटात ठेवलेली नोंद काय कामाची? 2008 मध्ये जपानच्या मदतीने तिथे अरबी भाषेतली वही आली आणि तिन्ही प्रकारच्या दवाखान्यांनी ती आपली मानली. बाळाला घेऊन आई जिथे पोहोचेल तिथे वही तिच्याबरोबर पोहोचते.

2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं, की आई-बाळाच्या आरोग्याची नोंद घरी ठेवणं चांगलं. तोवर इंडोनेशियाकडे सांगण्यासारखा बराच अनुभव जमला होता. आज दुसऱ्या देशांतले डॉक्टर आणि अधिकारी ही वही शिकायला जपानला जातात, तसे इंडोनेशियालाही जातात. त्यांच्या देशातही बेटं आहेत, डोंगर आहेत, वाचता न येणाऱ्या आया आहेत, आणि पैसे बेताचेच आहेत. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं टोकियोतल्या तज्ज्ञापेक्षा जावातल्या एखाद्या सुइणीला जास्त नेमकी देता येतात.