जनावरांचा भरडा : दळण, मिश्रण आणि जपणूक

गोठ्याच्या कोपऱ्यातील पोत्यात काय आहे असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी ‘भरडा’ एवढे एकच उत्तर मिळते. तो कशाचा, किती जाड, कोणत्या प्रमाणात मिसळलेला आणि किती दिवसांचा, हे सहसा कोणी विचारीत नाही. माणसाच्या दळणाबाबत घरोघरी जी दक्षता पाळली जाते, ती जनावराच्या दळणाच्या वाट्याला क्वचितच येते. उलट निवडताना बाजूस काढलेले, भिजलेले, कुबट वास येणारे धान्य ‘गुरांना चालेल’ म्हणून राखून ठेवण्याचा रिवाज सर्वत्र आढळतो. या रिवाजाची किंमत जनावराला द्यावी लागतेच. पण दुधावाटे तिचा काही भाग माणसाच्या घरीही येतो. म्हणून भरड्यामागील कार्यकारणभाव समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम धान्य भरडावे तरी का? गाय-म्हैस ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असून त्यांतील पहिला, म्हणजे कोठीपोट, सर्वांत मोठा. तेथे असंख्य सूक्ष्म जंतू वास करतात आणि गवत-कडब्यासारखा चिवट चारा आंबवून तो जनावराला पचण्याजोगा करून देतात. परंतु मका, ज्वारी, बाजरी यांच्या दाण्यावर कठीण साल असते. दाणा अख्खा गिळला गेला तर जंतूंचा शिरकाव आत होत नाही आणि तो जसाच्या तसा शेणातून बाहेर पडतो. उकिरड्यावर कोंबड्या शेण उकरून मक्याचे दाणे टिपताना दिसल्या, तर मालकाचे धान्य वाया जात आहे असे खुशाल समजावे. शेळ्यामेंढ्यांची गोष्ट निराळी. त्या दाणा बारीक चावतात, त्यामुळे त्यांच्यासाठी भरडण्याची निकड तितकी नसते.

मग सरळ पीठच का करू नये? येथेच पुष्कळांची चूक होते. पीठ कोठीपोटात गेले की जंतू त्यावर एकदम तुटून पडतात आणि थोड्या वेळात फार आम्ल तयार होते. आम्ल वाढले की चारा पचविणारे जंतू मरू लागतात, रवंथ मंदावते, जनावर वैरण सोडते आणि दुधातील स्निग्धांश उतरतो. दावे तोडून धान्याच्या राशीवर सुटलेली गाय किंवा लग्नाच्या पंगतीतील उरलेला भात पोटभर खालेली म्हैस कित्येकदा दगावते, त्याचे कारण हेच. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यास बोलवावे. शिवाय पिठाची धूळ नाकात जाते आणि जनावर आंबोणात तोंड घालण्यास नाखूष होते. सारांश, दाणा फुटावा, पण त्याचे पीठ होऊ नये. मक्याच्या एका दाण्याचे चार-सहा तुकडे व्हावेत, हे गायीम्हशींसाठी योग्य माप.

पूर्वी हे काम जात्यावर किंवा त्याहून मोठ्या घरटावर होई. दगडांमधील अंतर राखून आणि वेळोवेळी टाकी लावून भरड साधली जाई. आता बहुतेक ठिकाणी विजेची हॅमर मिल आली आहे. तिच्यात वेगाने फिरणारी पाती दाण्यावर आघात करतात आणि खालच्या चाळणीच्या छिद्रांतून भरडा बाहेर पडतो. जाडी ठरते ती मुख्यतः या चाळणीवर. डुकरांसाठी भरडा अधिक बारीक लागतो. म्हणून एकाच गिरणीवर निरनिराळ्या जनावरांचे दळण होत असेल, तर चाळणी बदलली की नाही, हे पाहिल्यावाचून धान्य ओतू नये. पाती बोथट झाली की दाणा तुटण्याऐवजी चुरडला जातो, धूळ वाढते आणि वीजही अधिक खर्च होते.

भरडलेले धान्य म्हणजे संपूर्ण खुराक नव्हे. धान्यातून शक्ती मिळते. पण दूध तयार होण्यास प्रथिने हवीत. मक्यात ती शेकडा ९ च्या आसपास, तर शेंगदाण्याच्या चांगल्या पेंडीत ४२ च्या आसपास असतात. या दोहोंपासून शेकडा १८ प्रथिनांचे मिश्रण करावयाचे असेल तर हिशेब सोपा आहे. ४२ मधून १८ वजा केले की २४ उरतात. तितके भाग मका. १८ मधून ९ वजा केले की ९ उरतात; तितके भाग पेंड. चोवीसास नऊ, म्हणजेच आठ किलो मक्यास तीन किलो पेंड. वजाबाकी येणाऱ्या कोणासही हा हिशेब करता येईल.

प्रत्यक्षात दोनच जिनसांवर भागत नाही. एकीत जे उणे असते ते दुसरीतून भरून निघावे, म्हणून अनेक जिनसा मिसळतात. शंभर किलोंच्या एका चांगल्या मिश्रणात ४० किलो भरडलेला मका किंवा ज्वारी, १५ किलो शेंगदाणा पेंड, १२ किलो सरकी पेंड, २० किलो गव्हाचा कोंडा, १० किलो तुरीची चुणी, २ किलो खनिज मिश्रण आणि १ किलो मीठ असावे. त्यात प्रथिने शेकडा १७ च्या सुमारास येतात. प्रदेशपरत्वे जिनसा बदलतील. बेळगावकडे मका विपुल. माळव्यात सोयाबीनची पेंड हाताशी. ग्वाल्हेरच्या बाजूस बाजरी व मोहरीची पेंड. गोव्यात भाताचा कोंडा व खोबऱ्याची पेंड. जे जवळ आणि स्वस्त मिळते ते घ्यावे. मात्र जिन्नस बदलला की प्रथिनांचा हिशेब पुन्हा मांडावा. नवे मिश्रणही एकदम न देता दहा-पंधरा दिवसांत जुन्याच्या जागी हळूहळू आणावे, म्हणजे पोटातील जंतूंना ते अंगवळणी पडते.

खनिज मिश्रणाचे दोन किलो पाहून कित्येकांना ते वगळण्याचा मोह होतो. परंतु धान्य, कोंडा व पेंड यांत चुना फार थोडा असतो आणि गायीच्या दर लिटर दुधाबरोबर सुमारे सव्वा ग्रॅम चुना शरीराबाहेर जातो. तो आहारातून भरून आला नाही, तर गाय तो आपल्या हाडांतून देते.

आता मिसळण्याची रीत. दोन किलो खनिजे आणि किलोभर मीठ एकदम शंभर किलोंच्या राशीवर टाकले तर एका घमेल्यात ती दाटतात आणि दुसऱ्यात नावालाही नसतात. म्हणून ती आधी पाच किलो कोंड्यात कालवावीत, मग ते मिश्रण आणखी दहा-पंधरा किलोंत, आणि शेवटी सर्व राशीत. स्वच्छ, कोरड्या फरशीवर जिनसांचे थर एकावर एक पसरून फावड्याने रास एका जागेहून दुसरीकडे लोटावी. प्रत्येक फावडे नव्या राशीच्या माथ्यावर पडावे, म्हणजे माल चहूबाजूंनी सारखा घरंगळतो. असे तीन-चार वेळा केल्यावर पाच ठिकाणची मूठ घेऊन रंग व पोत ताडून पाहावा. काही कारखाने खुराकात मोजून युरिया घालतात. घरी फावड्याने मिसळताना तो मुळीच घालू नये. त्याचा गठ्ठा एका जनावराच्या वाट्यास आला तर मृत्यूस वेळ लागत नाही.

मिसळण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून खिळे, तारांचे तुकडे वेचणेही तितकेच आवश्यक. गाय ओठांनी चाचपून खात नाही. गिळलेला खिळा दुसऱ्या कप्प्यात, जाळीपोटात, जाऊन बसतो आणि हृदय तेथून अगदी जवळ असते.

राहिली जपणूक. दाणा फुटला की त्याच्या आतील तेलाला हवा लागते. म्हणून अख्ख्या धान्यापेक्षा भरडा फार लवकर खवट होतो. पंधरा दिवसांस पुरेल इतकाच एका वेळी करावा, पावसाळ्यात त्याहूनही कमी. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. भरडण्यापूर्वी दाणा दाताखाली घेऊन पाहावा. कट्कन् फुटला तर कोरडा, दबला तर ओला.

ओल्या धान्यावर व पेंडीवर येणारी बुरशी हा सर्वांत मोठा धोका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. शोध करता दोष त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीवर वाढलेल्या बुरशीच्या विषाचा निघाला. त्यास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. हे विष शिजवून वा उकळून जात नाही. गायीने ते खाल्ले की त्याचा अंश दुधात उतरतो. भारतात दुधातील या अंशाची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग, इतकी सूक्ष्म ठेवली आहे. त्यावरून विषाची तीव्रता ध्यानात यावी. बुरशी आलेले धान्य भरडून त्यात चांगले मिसळल्याने दोष निवत नाही. तो फक्त सगळ्या राशीत पसरतो आणि डोळ्यांना दिसेनासा होतो.

बडोद्यापासून फारसे दूर नसलेल्या कंजरी येथे ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते खेडा जिल्हा सहकारी दूध संघाच्या पशुखाद्य कारखान्याचे उद्घाटन झाले. दूध वाढवावयाचे तर खुराकापासून आरंभ केला पाहिजे, ही जाण त्या कार्यामागे होती. असा कारखाना जवळ नसला तरी तराजू, चाळणी, फावडे आणि कोरडी फरशी एवढे साहित्य बहुतेक शेतकऱ्यांपाशी असते किंवा सहज मिळते. दूध देणाऱ्या गायीस शरीरपोषणासाठी सुमारे दीड किलो आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक, म्हशीस दर दोन लिटरमागे एक किलो, हा ठोकताळा ध्यानी ठेवून मोजून घालावा. आणि घमेले भरताना एकच कसोटी लावावी : ज्या धान्याची भाकरी घरातील लेकरास देववणार नाही, त्याचा भरडा गायीपुढेही ठेवू नये, कारण सायंकाळी लेकराच्या पेल्यात जे पडते, ते तिच्याच गव्हाणीतून आलेले असते.