फराळ कोणीं करावा?

आश्विन लागला कीं पावसाचें पाणी ओसरतें, खाजणांतील भात पिवळा पडूं लागतो आणि दुपारचें ऊन अंगास झोंबूं लागतें. पंचांगांत ह्या ऋतूचें नांव शरद्. कचेरींत जाणारी मंडळी त्यास ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. कवींना हा ऋतु चांदण्यामुळें प्रिय, आणि वैद्यांस तो रोग्यांमुळें प्रिय, अशी जुन्यांची थट्टा आहे. गृहिणीस मात्र ह्या दिवसांत क्षणाची उसंत नसते. घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत नैवेद्य, पारणें, दूध आटविणें, फराळ तळणें हें चक्र अखंड चालूं असतें. हा स्वयंपाक घरीं कां करावा, कोणता करावा, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कोणीं करावा, ह्या तीन प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील तिसऱ्या अध्यायांत ऋतुचर्या सांगितली आहे. पावसाळ्यांत शरीरांत सांचलेलें पित्त शरदांतील प्रखर उन्हानें एकाएकीं खवळतें. म्हणून ह्या दिवसांत कडू, गोड व तुरट रसांचें हलकें अन्न घ्यावें, आणि तेंही भूक लागल्यावरच घ्यावें, असें त्याचें सांगणें आहे. पथ्यकर पदार्थांत तो साळीचा तांदूळ, मूग, साखर, आवळा, पटोल म्हणजे पडवळाच्या जातीची भाजी, आणि मध हे गणतो. वर्ज्य पदार्थांत दही व तेल येतात. दिवसां झोंप घेणें आणि पोट तुडुंब भरेपर्यंत जेवणें हींही त्याच यादींत आहेत.

ही यादी वाचतांना आपल्या घरांतील साधें रात्रीचें जेवण डोळ्यांपुढें येतें. मुगाची मऊ खिचडी, वर साजुक तुपाची धार, सोबत पडवळाची हरभऱ्याची डाळ घातलेली भाजी आणि आवळ्याचें ताजें लोणचें, एवढ्यानें वाग्भटाची बहुतेक आज्ञा पाळली जाते. खिचडीस एक वाटी तांदुळास एक वाटी मुगाची डाळ घ्यावी. दोन्ही धुऊन निथळावीं, तुपावर जिरें, हिंग व हळद घालून क्षणभर परतावीं, आणि पांच ते सहा पट आधणाचें पाणी घालून मंद आंचेवर शिजूं द्यावीं. तिखटाचा मोह आवरावा. आल्याचा लहानसा तुकडा पुरे. जेवण उरकण्याची घाई असलेल्या दिवशीं मेतकूट, मऊ भात आणि तूप ह्यांइतकें जिवाला निववणारें दुसरें अन्न आम्हांस ठाऊक नाहीं.

ह्याच ऋतूंत कोजागरी येते. दूध चांगलें आटवून, वेलदोडा, जायफळ, केशर व चारोळी घालून तें चंद्रप्रकाशांत ठेवण्याची चाल सर्वांस परिचित आहे. कोंकणांत हीच नवान्नपौर्णिमा. हळवा भात ह्या सुमारास तयार होतो, त्याच्या लोंब्या दारावर बांधतात आणि नव्या तांदुळाची खीर देवापुढें ठेवतात. हस्त नक्षत्राच्या दिवसांतील भोंडल्याची खिरापत तर मुलींची परीक्षाच असे. झांकलेल्या डब्यांत काय आहे तें ओळखावयाचें. तिखट कीं गोड, तळलेलें कीं भाजलेलें, असे प्रश्न विचारीत विचारीत पन्नास पदार्थांचीं नांवें मुलांच्या तोंडीं बसत. पाकशास्त्राचा पहिला पाठ ह्याहून गोड रीतीनें कोणत्याही शाळेंत दिला जात नसेल.

मग दिवाळी येते आणि येथें एक शंका उत्पन्न होते. दिवाळी आश्विनाच्या अखेरीस व कार्तिकाच्या आरंभीं, म्हणजे नेमकी शरदाच्या मध्यावर पडते. ज्या दिवसांत तेल वर्ज्य सांगितलें, त्याच दिवसांत आपण कढई चढवितों, हें कसें? ह्याचें उत्तर कोंकणांतील जुन्या घरांत सांपडतें. तेथें नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नान झाल्यावर पायाच्या अंगठ्यानें कारीट फोडतात आणि मग सर्वजण पोहे खातात: दुधागुळाचे, दह्याचे, ओल्या नारळाचे, फोडणीचे. नव्या भाताच्या पोह्यांचा हा मान गोमंतकांतही तसाच आहे. पोट भरावयाचें तें पोह्यांनीं; चकली, करंजी, लाडू हीं त्यांच्या जोडीला चवीपुरतीं. शेजाऱ्यांकडे ताट पाठविणें आणि त्यांचें ताट घेणें ह्यासाठीं तीं मुख्यतः केलेलीं असत. डबा उघडून तिन्ही त्रिकाळ फराळ खाणें हें ना शास्त्रांत आहे, ना रूढींत.

आतां खऱ्या प्रश्नाकडे वळूं. आम्ही राहतों त्या दिव्याचेंच उदाहरण घ्या. बोरीबंदरहून ठाण्यास १८५३ सालीं आलेली आगगाडी १८५४ सालीं कल्याणास पोहोंचली. त्या मार्गावर मुंब्रा व कोपर ह्यांच्या मध्यें हें स्थानक आहे. येथून एक फांटा वसईकडे व दुसरा पनवेलकडे जातो, आणि सावंतवाडीची गाडीही येथून सुटते. मूळचीं गांवें आगरी व कोळी बांधवांचीं; आतां खाडीकांठच्या ह्या भागांत इमारतींची दाटी झाली असून देशावरचीं, कोंकणांतलीं, खानदेशांतलीं कुटुंबें एकाच जिन्यावर नांदत आहेत. गांवाचें नांवच दिवा. तेव्हां दिवाळीचा मान त्यास इतरांहून अधिक असावा, असें आम्ही विनोदानें म्हणतों.

परंतु ह्या इमारतींतील गृहिणीचा दिवस कसा जातो तें पाहिलें म्हणजे विनोद मावळतो. पहाटे डबे करून ती गाडी पकडते, सायंकाळीं तशाच गर्दींतून परत येते, दिवेलागण होऊन बराच वेळ झालेला असतो, आणि मग पुन्हां चूल. अशा स्त्रीनें आठ दिवस रात्री जागून सात जिन्नस तळावे, आणि घरच्या पुरुषमंडळींनीं ‘यंदा चकली थोडी मऊ झाली’ असा अभिप्राय द्यावा, ही रीत आम्हांस अन्यायाची वाटते. ह्या अन्यायास कंटाळून तिनें सर्व फराळ विकत आणला, तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणास आहे?

विकत घेतलेल्या फराळास नाक मुरडण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. त्यामागें बहुधा दुसऱ्या एखाद्या स्त्रीचेच श्रम असतात. १९५९ सालीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतूनच पुढें लिज्जत पापडाचा गृहउद्योग उभा राहिला, हें सर्वश्रुत आहे. गिरणगांवांतील खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांसाठीं प्रेमाताई पुरव ह्यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. अशा हातांना आपल्या पैशानें आधार मिळत असेल तर तें पुण्यकर्मच होय. अडचण निराळीच आहे. सर्वच जिन्नस, सर्वच वर्षीं, बाहेरून येऊं लागले कीं ती विद्या घरांतून उठून जाते, आणि एकदां उठलेली विद्या परत बसविणें फार कठीण असतें.

पुस्तकें आहेत, असें कोणी म्हणेल. आहेतच. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें, लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं, आणि कमलाबाई ओगले ह्यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं. ह्या ग्रंथांचे उपकार मोठे आहेत. परंतु व्याकरण पाठ केल्यानें जशी संस्कृत बोलतां येत नाहीं, तसें प्रमाण पाठ केल्यानें चकली साधत नाहीं. चकलीचेंच पाहा. भाजणीस चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी मुगाची डाळ व अर्धी वाटी उडदाची डाळ, शिवाय थोडे धणे व जिरें, हें प्रमाण सहज लिहितां येतें. धान्य धुऊन, वाळवून, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावयाचा. कारण दाणे लहानमोठे असल्यानें एकत्र भाजले तर एक करपतो तों दुसरा कच्चा राहतो. येथपर्यंत पुस्तक पुरतें. पुढें पिठांत कडकडीत मोहन किती घालावें, तेथें हात बोलूं लागतो. मोहन अधिक झालें तर चकली कढईंत विरघळते. कमी झालें तर दांतास दगड लागतो. तेल फार तापलेलें असेल तर वरून रंग येतो व आंत ओल राहते, आणि दुसऱ्या दिवशीं तीच चकली मऊ पडते. कढईंत जे बुडबुडे दिसतात ते पिठांतील पाण्याची वाफ होय. ते विरळ होत आले म्हणजे चकली झाली, ही खूण एकदां कढईपाशीं उभें राहून पाहिली कीं जन्मभर विसरत नाहीं.

अनारशाची विद्या तर ह्याहूनही नाजुक. जुना तांदूळ तीन दिवस भिजवावा, पाणी रोज बदलावें. ह्या तीन दिवसांत त्यास किंचित् आंबूस गुण येतो आणि जाळी पुढें सुटते ती त्याच्याच बळावर. तांदूळ सावलींत फडक्यावर निथळावा, दमट असतांनाच कुटून चाळावा, वजनास वजन गूळ व थोडें तूप घालून गोळे करावे आणि ते चार-पांच दिवस मुरूं द्यावे. थापतांना खसखस लावावी आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपांत तळावा. उलटूं नये, झाऱ्यानें वरून तूप उडवावें. अनारसा कढईंत पसरून फुटला तर ‘हंसला’ असें बायका म्हणतात. गूळ अधिक झाला कीं तो हंसतो. अशा वेळीं पिठांत थोडी तांदुळाची पिठी मिसळावी.

घरच्या तळणाचा आणखी एक लाभ म्हणजे तेलावरील आपला ताबा. पुन्हां पुन्हां तापविलेल्या तेलांत अपायकारक द्रव्यें वाढतात. म्हणूनच १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणानें तळणाच्या तेलांतील ध्रुवीय संयुगांस शेंकडा २५ ची मर्यादा घातली आहे. घरीं एवढी परीक्षा करतां येत नाहीं. परंतु कढईंत बेताचेंच तेल घ्यावें, उरलेलें गाळून फोडणीस लवकर संपवावें, आणि काळसर झालेलें, धूर देणारें तेल मोह न धरतां टाकून द्यावें, एवढें प्रत्येकास शक्य आहे.

मग हें सर्व करावयाचें कोणीं? आमचें उत्तर स्पष्ट आहे: घरांतील सर्वांनीं. पुरुषांनीं झारा हातीं धरणें म्हणजे कांहीं अघटित नव्हे. विराटाच्या पाकशाळेंत बल्लव ह्या नांवानें राबणारा भीम होता. नलराजाची पाककौशल्याबद्दल एवढी ख्याति होती कीं ‘पाकदर्पण’ हा ग्रंथ त्याच्याच नांवावर सांगतात. सतराव्या शतकांत रघुनाथ गणेश नवहस्त ह्यांनीं ‘भोजनकुतूहल’ लिहिलें, तेव्हां अन्नाचा विचार करण्यांत पंडितासही कमीपणा वाटला नाहीं. लग्नांत शंभर पानांचा स्वयंपाक करणारे आचारी पुरुषच असत, आणि त्यांच्या हातची जिलबी आपण मिटक्या मारीत खात आलों. मग स्वतःच्या घरीं चूल पाहतांच हात कां आंखडावा?

आमची सूचना व्यवहाराची आहे. सात-आठ जिन्नसांचा हट्ट सोडावा; तीनच करावे, पण घरीं करावे. बाकीचे एखाद्या कष्टाळू भगिनीकडून विकत घ्यावे. दिवाळीपूर्वींच्या तीन रविवारांत काम वांटून घ्यावें. पहिल्या रविवारीं भाजणी भाजून दळून आणावी. ती महिनाभर सहज टिकते. दुसऱ्या रविवारीं बेसनाचे लाडू. चार वाट्या जाड बेसन व दोन वाट्या तूप मंद आंचेवर सतत हलवीत राहावयाचें, पाऊण तास लागतो. बेसन सैल होऊन खमंग वास सुटला कीं दुधाचा हलका शिंतोडा द्यावा, पूर्ण निवल्यावर तीन वाट्या पिठीसाखर व वेलदोड्याची पूड मिसळावी. ह्या कामास बळापेक्षां सबूरी हवी. म्हणून तें घरच्या आजोबांकडे द्यावें. सेवानिवृत्तीनंतर आम्हीं तें आपल्याकडे घेतलें आहे, आणि शाळेंतील पन्नास मुलांवर लक्ष ठेवण्याची संवय येथें फार उपयोगीं पडते. तिसऱ्या रविवारीं चकल्या: पीठ मळणें मुलाकडे, सोऱ्या दाबणें त्याच्या वडिलांकडे, कढई जाणत्या हाताकडे, आणि जाणत्या हाताशेजारीं घरांतील एक नवशिका अवश्य उभा असावा. तो मुलगा असो वा मुलगी, त्यास बुडबुडे पाहूं द्यावे, एक चकली बिघडवूं द्यावी, आणि ती बिघडली कां तें त्याच्याच तोंडून वदवून घ्यावें.

बिघडलेल्या चकल्यांची चिंता करूं नये. चुरून चिवड्यांत घातल्या म्हणजे त्या संपतात, आणि शिकलेला हात मागें राहतो. यंदाची भाजणी ज्यांनीं अजून दळून आणली नसेल, त्यांनीं येत्या रविवारीं तांदूळ निवडावयास घरांतील पुरुषमंडळींस खुशाल बसवावें.