नवी धांव, जुना सांगाडा

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. लोहार ती धांव आगींत लाल करी, चाकावर ठोकून बसवी आणि वरून पाणी ओती. निवतांना ती आकसून चाकास घट्ट धरी. धांव सैल राहिली तर वाटेंत निसटे. फार आवळली तर चाकालाच पीळ बसे. चाक आणि धांव यांचें माप एकमेकांशीं जुळविणें, हेंच त्या कामांतलें खरें कसब. हा पाठ गेल्या हिवाळ्यांत आम्हांस अगदीं निराळ्या गाडीपाशीं पुन्हां गिरवावा लागला.

कोल्हापुराहून हुपरीकडे जातांना उजळाईवाडीच्या विमानतळाच्या शेजारीं गडमुडशिंगी हें गांव लागतें. विमानतळ १९३९ सालचा. पण त्या बाजूची दुसरी धांवपट्टी अलीकडची. मोहिते रेसिंग अ‍ॅकॅडमीच्या वळणावळणांच्या डांबरी मार्गावर 'कार्ट' नांवाच्या ठेंगण्या गाड्यांच्या शर्यती होतात. राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्याही येथें झालेल्या आहेत. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक कार्टपासून आरंभ करून २०१८ सालीं ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेंत उतरले, तेव्हांपासून इकडच्या मुलांना ह्या खेळाचें वेड अधिकच लागलें. आमचा पंधरा वर्षांचा नातू त्यांपैकींच एक.

१९५६ सालीं कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स नांवाच्या कारागिरानें पहिली कार्ट बनविली. नळ्यांचा सांगाडा, लहानसें इंजिन, चार चाकें. ह्यापलीकडे तिच्यांत फारसें कांहीं नाहीं. धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा नाहींत. सांगाडा स्वतः थोडा लवतो, तीच तिची स्प्रिंग. बैलगाडीचा आंस स्थिर असतो व चाकें त्यावर आपापल्या गतीनें फिरतात. म्हणून ती सहज वळते. कार्टचीं मागचीं दोन्हीं चाकें मात्र एकाच फिरत्या आंसास जखडलेलीं असतात. आतां भूमितीचा साधा हिशेब पाहावा. दोन चाकांच्या मध्यांतलें अंतर सव्वा मीटर धरलें, तर अर्धवर्तुळाकार वळणांत बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां सुमारें ३.९ मीटर अधिक चालावें लागतें. वळण लहान असो कीं मोठें, हा फरक तोच. दोघें एकाच गतीनें फिरत असतां हें साधावें कसें? उपाय एकच. वळतांना आंतलें मागचें चाक जमिनीवरून किंचित् उचललें गेलें पाहिजे. पुढच्या चाकांच्या खुंट्यांचा कल आणि सांगाड्याचा लव हें काम करतात. चाक पुरेसें न उचललें तर गाडी घासत चालते. अति उचललें तर ती उड्या मारूं लागते.

नातवाच्या गाडीचे टायर झिजले, म्हणून आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं अधिक मऊ जातीचे नवे टायर आणले. मऊ टायर रस्त्याला अधिक घट्ट धरतो. मुलगा हर्षानें निघाला. पण फेरीचा वेळ कमी होण्याऐवजीं अर्ध्या सेकंदानें वाढला. वळणांत गाडी उसळे आणि बाहेर पडतांना इंजिन दमून जाई. त्यानें एकाच दुपारीं हवा, मागची रुंदी, पुढचा कल, बसण्याची जागा सारें बदललें. गाडी अधिकच बिघडली. संध्याकाळीं तो डोळे पुशीत घरीं आला. "टायर वाईट आहेत," असें त्याचें म्हणणें. "पोराचें लक्ष नाहीं, गाडी विकून टाकूं, पुढें दहावी आहे," असें त्याच्या वडिलांचें.

यंत्रांतलें आम्हांस कांहीं कळत नाहीं. पण न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक म्हणून जी जोडी सांगितली आहे ती आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविली. एक गोष्ट असतां परिणाम दिसावा आणि ती नसतां दिसूं नये, तरच ती त्याचें कारण. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कारण सांपडावें कसें? पुढच्या रविवारीं आम्ही एक वही घेऊन नातवासह गडमुडशिंगीस गेलों. प्रथम सर्व मापें पूर्ववत् केलीं.

नव्या टायरवर आधीं कांहीं सावकाश फेऱ्या घातल्या, कारण वरचा गुळगुळीत थर निघाल्यावांचून त्याची खरी पकड कळत नाहीं. मग हवा. मऊ टायर लवकर तापतो आणि तापला कीं आंतला दाब चढतो. म्हणून थंड असतांना बारा पौंड होती ती अकरा केली. शेवटच्या फेऱ्या सुधारल्या, उड्या मात्र राहिल्या. नंतर मिस्त्रींनीं मागचीं चाकें दोन्हीं बाजूंस पांच पांच मिलिमीटर बाहेर सरकविलीं; एकंदर रुंदी १४० सेंटिमीटरांच्या आंत आहे हें मोजून पाहिलें. उड्या थांबल्या. उत्साहाच्या भरांत पुढचा कलही कमी केला, तों गाडी वळेचना. तो परत पहिल्यासारखा केला. राहिला प्रश्न हातांचा. निसरड्या जुन्या टायरांवर गाडी वळणांत फेंकावी लागे. ती संवय नव्यांवर जाचक होत होती. "आजोबा, आतां हात हलका ठेवायचा," असें तो आपणच म्हणाला. शेवटची फेरी जुन्या टायरांवरील वेळेपेक्षां पाऊण सेकंदानें कमी भरली. गाडी विकण्याची गोष्ट तूर्त मागें पडली.

परत येतांना आम्ही मात्र गप्प होतों. बारा वर्षांपूर्वीं आमची थोरली सून ह्या घरांत आली. शिकलेली, नोकरी करणारी, करारी. तिच्यामुळें घरांत ओढाताण वाढली, तेव्हां आम्हीं सरळ तिलाच दोष दिला. जेवणाच्या वेळा, सणवारांचे नियम, आमचें बोलणें ह्यांतलें एक मापही मिलिमीटरभर सरकविलें नाहीं. पकड तिची चांगली होती. लवला नाहीं तो आमचा सांगाडा. दोन वर्षांनीं तीं दोघें पुण्यास वेगळीं राहूं लागलीं.

त्या रात्रीं आम्हीं सूनबाईंस पत्र लिहिलें. चूक आमची होती, एवढेंच त्यांत होतें. आठ दिवसांनीं दोन ओळींचें उत्तर आलें: मे महिन्यांत मुलांना घेऊन येतें, सकाळचा चहा मात्र मीं उठेन तेव्हांच घेईन.

आमच्या सौभाग्यवतींनीं तें पत्र वाचलें आणि कांहीं न बोलतां देव्हाऱ्यापाशीं ठेवलें. ज्यांच्या घरीं नवी धांव यावयाची आहे, त्यांनीं आपल्या चाकाचें माप आधींच घेऊन ठेवावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.