गायरानावरचा अंधार कधी जाणार?

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत खेड्यातल्या भूमिहीन बांधवांबद्दलची चिंता बोलून दाखविली. तो वसा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी उचलला. १९५९ मध्ये मराठवाडा व खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पेटला व लाखोंनी तुरुंग भरले. त्याच प्रेरणेने मराठवाड्यातील आपल्या माणसांनी गावोगावची गायराने कसायला घेतली. आज मुकुंदवाडी, चिकलठाणा, वाळूज भागात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे आईवडील किंवा भाऊ-भावजय अशाच एखाद्या गायरानावर आहेत.

ही जमीन कुणी ताटात वाढून दिलेली नाही. मुरमाड माळ, जागोजागी धोंडे. बायाबापड्यांनी ते वेचले, बांध घातले, तेव्हा कुठे बाजरी, मूग, तूर उगवली. गाव दूर म्हणून, आणि पिकाची राखण व ताबा सुटू नये म्हणूनही, कुटुंबे शेतातच कूड घालून राहिली.

विजेचा खांब मात्र गावातच थांबला. वीज नाही म्हणजे नुसता दिवा नाही, असे नव्हे. दळणाचे गाठोडे डोक्यावर घेऊन बाईने गावातली गिरणी गाठायची. ऐन पावसाळ्यात चिखल तुडवत जायचे. मोबाईल चार्ज करायला ओळखीच्या घरी ठेवायचा. विहिरीला पाणी असले तरी मोटर नाही. डिझेल इंजिन परवडत नाही. मुलांचा अभ्यास दिवस मावळायच्या आत उरकायचा, कारण रेशनचे रॉकेल आता मिळेनासे झाले. अंधारात पायाखाली साप-विंचू. (चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता सरकारी दवाखाना गाठावा, हे येथेच सांगतो.)

या अंधाराचे मूळ सातबाऱ्यात आहे. जमीन नावावर नाही म्हणून पीककर्ज नाही, सौरपंप नाही. शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला फक्त ५ टक्के रक्कम भरावी लागते. पण ती सातबारा असणाऱ्याला! ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच दाराबाहेर.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही कित्येकांचे कागद तहसीलमध्ये अडकून राहिले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची दखल घेतली आणि नोटिसा निघाल्यावर घराघरांत घबराट पसरली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या २८ जानेवारी २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेऊन गायराने मोकळी करा असे सांगितले जाते, त्याच निकालात शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. धनदांडग्यांचे प्लॉट आणि पोटासाठी कसलेली चार एकर एकाच मापाने मोजायची नाहीत.

मग करायचे काय? आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाची किंमत जाणतो. म्हणून सांगतो:

१) तलाठ्याकडील गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. त्यातील आपल्या नोंदीची नक्कल घ्यावी.

२) दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, पंचनामे, नोटिसा हे सर्व प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र जपून ठेवावे.

३) नोटीस आल्यास गप्प बसू नये. मुदतीत लेखी उत्तर देऊन पोच घ्यावी.

४) वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये मालकाबरोबरच जागेच्या ताबेदारालाही वीज मागता येते, असे म्हटले आहे. म्हणून घरासाठी अर्ज करावा. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा.

५) सातबाऱ्यावर नाव लागेल तेव्हा घरच्या लक्ष्मीचेही लावावे. धोंडे तिनेही वेचले आहेत.

शहरात नोकरीला लागलेल्या बांधवांना आमची विनंती आहे. सणावाराला गावी जाताना नुसता खाऊ नेऊ नका. एक दिवस जास्त थांबा, आईवडिलांची कागदांची पिशवी उघडा, अर्ज लिहून द्या. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश मानून आपण शिकलो. त्या शिक्षणाचा उजेड गायरानावरच्या कुडापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

जयभीम!