शब्दकोशाखालचे पाकीट

केळव्याच्या वाडीत पानवेलींना पाणी घालताना आमचे अप्पा नेहमी म्हणत, “कर्ज काढलेस तर एक वेळ गावाला तोंड चुकव, पण देणेकऱ्याने सावकाराला चुकवू नये!” यातली खोच कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

पालघरला ब्लॉक घेतला तो अर्थातच कर्ज काढून. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, आणि बदलत्या व्याजाची कर्जे फुगली. वीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांनी असेल तर हप्ता सुमारे साडेपंधरा हजार. साडेनऊने तोच साडेअठरा हजारांपुढे जातो. त्यातच आईचे आजारपण. दोन हप्ते थकले. बँकेचे पाकीट आले, ते मी न फोडताच शब्दकोशाखाली सारले. झाडलोट करताना ते आमच्या सौभाग्यवतींच्या हाती लागले. त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, पाकीट लपवले म्हणून व्याज का थांबणार आहे?”

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. पगाराचा दाखला आणि दवाखान्याची बिले पुढे ठेवली. मुदत वाढवून मिळाली, हप्ता उतरला. एकूण व्याज जास्त जाणार हे खरे. पण घर राहिले आणि झोपही आली.

वाचकहो, काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज ‘अनुत्पादक’ ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. तिच्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ऋणकोला विचारावे, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले आहे. म्हणजे बोलायला वाव आहे. मात्र बोलावे लवकर.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. दंग्याचे लोण पसरले, ठिकठिकाणी कर्जखतांच्या होळ्या झाल्या. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्या बिचाऱ्यांपैकी बहुतेकांना आपले खत वाचताच येत नव्हते. मी तर मराठीचा प्राध्यापक. मला वाचता येत होते, आणि तरी मी वाचत नव्हतो!

या दिवाळीत घर झाडाल, तेव्हा शब्दकोशही जरा उचलून पाहा.