दाराचा रंग खरवडण्याआधी: पीपीएम की मिलिग्रॅम?

गणपतीआधी रत्नागिरीच्या घराला रंग काढायचं ठरलं. आईने फोनवर सांगितलं, "पेंटर काका म्हणतायत, दारांचा जुना रंग पार लाकडापर्यंत खरवडू." घरात रांगणारा भाचा. मी म्हटलं, "आई, थांबव त्यांना. आधी शिशाची टेस्ट करू." तिने विचारलं, "किती आलं तर वाईट?" इथे मी अडखळले.

आमच्यासारख्या जांभ्याच्या घरांत भिंतींना बहुधा चुना असतो. शिसं शोधायचं ते ऑइल पेंटमध्ये, म्हणजे दारं, खिडक्या, गज यांवर. पिवळ्या आणि हिरव्या रंगांत लेड क्रोमेट असू शकतं. लोखंडावरचा जुना शेंदरी प्रायमर म्हणजे रसायन म्हणून मारुतीला लावतात तो शेंदूरच. (विटकरी 'रेड ऑक्साइड' वेगळा, तो लोखंडाचा.) आपल्याकडे घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा प्रत्येक थर संशयित धरायचा.

पण ९० हा आकडा नव्या रंगासाठी आहे. जुन्या दाराला तो लावला की गोंधळ होतो. समजा, सर्वांत खालच्या थराचं वजन दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिग्रॅम आहे आणि त्यात ०.१ मिलिग्रॅम शिसं आहे. म्हणजे १०,००० पीपीएम. नंतर त्यावर शिसं नसलेले ४० मिलिग्रॅमचे थर चढले, तर आकडा २,००० होतो. खरवडताना नमुन्यात ५० मिलिग्रॅम लाकूड आलं, तर १,०००. दारातलं शिसं मात्र कणभरही कमी झालेलं नाही!

अमेरिकेत जुना रंग 'शिशाचा' ठरवायला ५,००० पीपीएम किंवा दर चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम ही रेषा आहे. आपलं दार त्यात सहज पास होईल. आता त्याचा एक चौरस फूट खरवडा. ९३ मिलिग्रॅम शिसं सुटं होतं. १० बाय १० च्या खोलीत ते सारखं पसरलं, तर दर चौरस फुटाला ९३० मायक्रोग्रॅम. तिथल्याच पर्यावरण खात्याने २०१९ मध्ये जमिनीवरच्या धुळीसाठी ठरवलेली मर्यादा होती १०. दहातली नऊ हिस्से धूळ झाडून गेली, तरी उरलेली नऊपट. मूल रांगतं ते याच जमिनीवर.

म्हणून नमुना घेताना क्षेत्रफळ मोजा. धारदार ब्लेडने ठरावीक चौकोन आखून सगळे थर काढायचे, लाकूड शक्यतो नाही. नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून एएएस किंवा आयसीपीवर मोजायचं आणि रिपोर्टमध्ये दोन्ही एकके मागायची. हातातलं एक्सआरएफ यंत्र सोयीचं, पण शिशाची एल-अल्फा रेषा (१०.५५ केईव्ही) आणि आर्सेनिकची के-अल्फा (१०.५४) जवळजवळ एकावर एक बसतात. शिवाय वरचे थर एल रेषा शोषतात. नुसता 'निगेटिव्ह' वाचून खूश होऊ नका.

ॲस्बेस्टॉसचं गणित उलटं आहे. पडवीवरचे किंवा गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचेच समजा. आपल्याकडे ते आजही कायदेशीर विकले जातात, त्यामुळे टेस्टवर पैसे घालवण्यापेक्षा काळजी घेतलेली बरी. खात्रीच हवी असेल तर पत्रा ओला करून सुटलेला छोटा तुकडा पिशवीत बंद करायचा आणि पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपीला द्यायचा. अख्खा पत्रा जागेवर फारसं काही करत नाही. त्रास आपण करतो, पावसाआधी शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारून किंवा ग्राइंडरने कापून. तंतूंमुळे होणारा मेसोथेलिओमा दिसायला २० ते ५० वर्षं लागू शकतात, म्हणून "आजोबांना कुठे काय झालं?" हा पुरावा होत नाही.

दाराचा रिपोर्ट अजून यायचाय. तोवर काकांनी पोपडे आलेला भागच पाणी मारून वॉटर पेपरने घासला, खाली प्लास्टिक अंथरून. लादी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. भाचा चार दिवस त्याच्या आजोळी, चिपळूणला. आणि आई आता विचारतेय की झोपाळ्याच्या कड्यांवरचा तो शेंदरी रंग कुठला.